फट

लाकूड बर्चचं, अठरा मिलिमीटर,
तेरा पदर एकावर एक, चिरोट्यासारखे.
करवतीखाली गोडसर वास सुटतो
आणि बाहेर वोरूच्या तळ्यावरचा बर्फ
मार्च सरत आला तरी बूड हलवत नाही.

हेल्वे प्रोवा. वय अठ्ठ्याहत्तर.
एकेचाळीस वर्षं खेडोपाडीच्या चर्चमधले ऑर्गन
हिनं सुरात लावले. आता बोटं थरथरतात.
म्हणाली, स्पीकर बनवून दे.
टेप आहेत माझ्याकडे, सूर लावण्याआधीच्या.
आधीच्या?
नंतरचे सगळे सारखेच असतात, म्हणाली.

मग मी कागदावर पेन्सिल टेकवली.
वर आठ इंची कोअॅक्सियल:
मोठ्या शंकूच्या घशातच बसवलेला बारका ट्विटर,
म्हणजे मंद्र एका दारातून, तार दुसऱ्या दारातून
असं व्हायला नको,
सगळी मंडळी एकाच उंबऱ्यावरून यावीत,
ऐकणाऱ्याला मान वाकडी करावी लागू नये.
खाली दोन वूफर, तोंडासमोर तोंड,
मध्ये जेमतेम चार बोटांची फट.
हा ढकलतो तेव्हा तोही ढकलतो,
दोघांचं भांडण दोघांतच जिरतं,
खोक्याच्या कानावर जात नाही.
कोंडलेली हवा तेवढी बाहेर पडते,
उभी, पातळ, खाली मान घालून.

खोक्यावर पाण्याचा पेला ठेवला.
बत्तीस हर्ट्झला खिडकीची काच कुरकुरली,
भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर नाचलं.
पेल्यातलं पाणी
दही लागल्यासारखं स्थिर.
त्या रात्री मी तेच पाणी पिऊन टाकलं,
फुशारकीनं.

हेल्वे आली. दारात बूट काढले,
स्टुलावर बसली, कोट तसाच अंगात.
टेप सुरू झाली: भात्याची धाप,
बाकावर कुणाचा तरी खोकला,
मग ऑर्गन, बेसूर, दमेकरी, भलताच जिवंत.
दोन मिनिटांत तिनं बोट वर केलं.
कुणीतरी बाटलीत फुंकतंय.

मी आलेख दाखवला. सरळ रेघ.
तिनं बघितलंही नाही.
गुडघे कुरकुरले, खाली बसली,
फटीला कान लावला.
मधल्या सीच्या जराशी खाली, म्हणाली.
पाइप बांधलायस पोरा,
आणि तुला पत्ताच नाही.

खरं होतं ते.
आलेखाला मीच इस्त्री करून ठेवली होती.
घडी मोडली तर दोनशे पंचावन्नवर उंचवटा,
लग्नाच्या आदल्या दिवशी नाकावर आलेल्या पुळीएवढा.

तीन आठवडे गेले.
तांब्याच्या तारेचं वेटोळं मनगटाएवढं जाड झालं,
क्रॉसओव्हर साडेतीनशेवरून दीडशेवर उतरवला,
शेजारच्या ताइमीच्या मेंढ्यांची लोकर लाटून
फटीच्या मागच्या भिंतीला चिकटवली.
हातांना ओल्या लोकरीचा वास, भाकरीलाही तोच.
तळं कधी मोकळं झालं ते पाहायचं राहिलं.

दुसऱ्यांदा तिनं पूर्ण टेप ऐकली,
दुसरी बाजूही.
गेला, म्हणाली.
मग मफलर गुंडाळता गुंडाळता: कुठे गेला पण तो?
आहे तिथेच आहे, मी म्हटलं.
त्याच्यापर्यंत आता कुणी काही पोचवत नाही.
हेल्वेनं मान हलवली.
असतात असे, म्हणाली.
चर्चला कुलूप लागतं. पाइप तसेच उभे.

पैसे तिनं कॉफीच्या डब्यातून काढले,
मोजून, दोन नोटा जास्त.
परत द्यायला गेलो तर डब्याचं झाकण लावलं.

खोकी गेली. भुश्यावर त्यांचे चौकोन उरले.
कोपऱ्यात पहिल्या चाचणीची फट पडून होती,
दोन फळ्या आणि मध्ये चार बोटं अंधार.
उचलली, ओठांना लावली, तिरकी फुंकर घातली.

बाहेर ताइमीचं कुत्रं उठून बसलं.
मी पुन्हा फुंकलं.
जराशी खालीच.